धाप कोणाच्या हुकमाने लागते?

2025 च्या मार्चअखेरीस महाराष्ट्र केसरीचा आखाडा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला भरला आणि पाच दिवस तालुक्यात दुसरा विषय उरला नाही. 30 तारखेला वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटीलवर मात करून गदा उचलली. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, मधे अर्ध्या मिनिटाची विश्रांती. त्या अर्ध्या मिनिटात पैलवानाकडे नीट पाहावे. तोंड उघडे, खांदे वर-खाली होतात, आणि कोणी पाण्याची बाटली पुढे केली तरी घोट घेणे जमत नाही. गिळायला क्षणभर श्वास थांबवावा लागतो आणि शरीर तेवढीही सवलत द्यायला राजी नसते. बघणारे म्हणतात, "गेला दम याचा." त्यातला एखादा जाणकार खुलासा करतो, "ऑक्सिजन कमी पडतोय त्याला."

हा खुलासा जिमपासून गावच्या पारापर्यंत सगळीकडे ऐकू येतो आणि तो बहुतांशी चूक आहे. करोनाच्या काळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर धापा टाकणाऱ्या धडधाकट तरुणाच्या बोटाला लावले, तर आकडा बहुधा 95 च्या वरच दिसतो. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो. आत घेतलेल्या हवेत तो 21 टक्के होता. बाहेर पडणाऱ्या हवेतूनही 16-17 टक्के तसाच परत जातो. मग एवढा श्वास कशासाठी? शरीरविज्ञान हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हाताळत आहे. त्यातला अर्धा भाग पक्का सुटला आहे, उरलेल्या अर्ध्यावर अजून भांडण आहे.

पक्का भाग आधी सांगतो. स्नायू काम करतात तेव्हा भाकरीतली साखर आणि अंगावरची चरबी ऑक्सिजनच्या साह्याने जळते आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. निवांत बसलेल्या माणसात तो मिनिटाला सुमारे 200 मिलिलिटर निघतो. हालचाल धरून दिवसभराचा हिशोब केला तर साधारण किलोभर वजनाचा वायू आपण नाकावाटे बाहेर सोडतो. वजन घटते तेव्हा चरबी जाते कुठे, हा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या मीरमन आणि ब्राउन या दोघांनी 2014 साली मांडला. त्यांच्या हिशोबाने 10 किलो चरबी जळली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि 1.6 किलोचे पाणी होते. घामावाटे चरबी वितळते असे समजून अंगाला प्लास्टिक गुंडाळून पळणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

हा वायू रक्तात विरघळला की आम्ल तयार होते, आणि आम्लाच्या बाबतीत शरीर कमालीचे काटेकोर असते. धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या 40 मिलिमीटरच्या आसपास राखला जातो. तो तिथे राखायचा तर एक लिटर वायू बाहेर टाकण्यासाठी साधारण 25 लिटर हवा आत-बाहेर करावी लागते. बसल्या जागी मिनिटाला 6-7 लिटर हवा पुरते. भरभर चालताना वायूची निर्मिती लिटरभर झाली की हवा 25-30 लिटरवर जाते, निर्मिती दुप्पट झाली की हवाही दुप्पट. आलेख काढला तर जवळपास सरळ रेघ येते. मध्यम श्रमात माणूस कितीही घामाघूम दिसला तरी धमनीतला दाब 40 च्या घरातच राहतो. या विषयातली सगळ्यात चकित करणारी गोष्ट हीच आहे आणि भांडणही इथूनच सुरू होते.

त्याआधी मध्यम श्रमाच्या पलीकडे काय होते ते पाहू, कारण कुस्ती आणि भरतीचे ग्राउंड त्याच हद्दीत येतात. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर धावावे लागते, मुलींना 800. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे गेलात तर ही मुले रस्त्याच्या कडेने टायमिंग लावून पळताना दिसतात. चारशे मीटरचा ट्रॅक धरला तर चार राउंड. पहिल्या राउंडला पोरे एकमेकांशी बोलू शकतात. दुसऱ्यात बोलणे एकेका शब्दावर येते. तिसऱ्यात कोणी बोलत नाही, फक्त श्वासाचा आवाज येतो, आणि तो पावलांपेक्षा लवकर वाढतो. वेग तोच, कधी कधी कमीसुद्धा, तरी श्वास चढत जातो.

याचे कारण लॅक्टिक आम्लाच्या वाटेने येते. स्नायूंना लागणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेने पुरेशा वेगाने मिळेनाशी झाली की साखर अर्धवट मोडून तात्पुरती सोय केली जाते. त्यात जे आम्ल साठते ते निष्प्रभ करायला रक्तातले बायकार्बोनेट खर्ची पडते. खायच्या सोड्यावर लिंबू पिळले की फेस येतो, रसायन तेच. म्हणजे इंधन जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड एकीकडे, आणि आम्ल मारताना निघणारा वरकड कार्बन डायऑक्साइड दुसरीकडे. एरवी घेतलेल्या ऑक्सिजनपेक्षा सोडलेला कार्बन डायऑक्साइड थोडा कमी किंवा फार तर बरोबरीत असतो. जोरात पळताना तो वरचढ होतो. अमेरिकेतले कार्लमन वासरमन आणि माल्कम मॅकिलरॉय यांनी 1964 साली श्वासातल्या या बदलावरून श्रमाची ती पायरी ओळखण्याची रीत मांडली, तीही हृदयरुग्णांसाठी. सुई न टोचता, नुसत्या उच्छ्वासावरून. पायरीला त्यांनी दिलेले 'ॲनेरोबिक थ्रेशोल्ड' हे नाव पुढे बरेच वादग्रस्त ठरले. स्नायूत त्या घडीला खरोखर ऑक्सिजनचा तुटवडा असतो का, यावर अजून एकमत नाही. रीत मात्र टिकली.

त्याही पुढे आणखी एक पायरी आहे. बायकार्बोनेट पुरेनासे झाले, रक्त आम्लाकडे झुकू लागले, की श्वास कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबाबाहेर उसळतो आणि धमनीतला दाब 40 च्या खाली जातो. शेवटच्या राउंडला मुले मिनिटाला शंभर-सव्वाशे लिटर हवा ओढतात ती या टप्प्यावर. अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीतला पैलवानही इथेच असतो, आणि त्याची अडचण दुहेरी असते. पकडीत जोर लावताना तो श्वास रोखून धरतो, त्यामुळे वायू साठतो, आणि पकड सुटली की ते सगळे एकदम फेडावे लागते. तालमीतले वस्ताद "श्वास सोडत जोर लाव" म्हणून ओरडतात त्याला असा भक्कम आधार आहे.

आता भांडण. श्वासाला कार्बन डायऑक्साइडचा आकडा कळतो कसा?

1888 साली जर्मनीत गेपर्ट आणि झुंट्झ यांनी जनावराच्या मागच्या पायांचे स्नायू विजेने आकुंचित केले. मज्जारज्जू कापलेला होता, म्हणजे पायांकडून मेंदूकडे निरोप जायची वाट बंद होती. तरी श्वास वाढला. त्यांनी निष्कर्ष काढला की निरोप रक्तातून जातो. मग 1905 साली जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी फुप्फुसाच्या तळची हवा तपासायची साधी युक्ती शोधली: जोराने श्वास सोडायला लावायचे आणि शेवटची हवा पकडायची. स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरापासून कॉर्नवॉलच्या खोल खाणीपर्यंत त्यांनी ती मोजली. कार्बन डायऑक्साइडचा दाब सगळीकडे जवळपास तोच निघाला. श्वासाचा खरा मालक सापडला, असे तेव्हा वाटले. या हाल्डेनचा मुलगा म्हणजे पुढे भारतात येऊन इथलाच झालेला, 1964 साली भुवनेश्वरला वारलेला जे. बी. एस. हाल्डेन. बापासारखाच स्वतःवर प्रयोग करणारा. त्याने अमोनियम क्लोराइड पिऊन रक्त आम्लधर्मी करून घेतले आणि कसलेही श्रम न करता धापा टाकत बसला. आम्ल श्वास पळवते, याचा याहून थेट पुरावा कोणता?

पण हा सिद्धांत एका साध्या निरीक्षणापुढे अडखळला. 1913 साली कोपनहेगनला ऑगस्ट क्रोग आणि लिंडहार्ड यांनी दाखवले की सायकल मारायला सुरुवात करताच, पहिल्याच श्वासापासून, हवा वाढते. पायांतले रक्त फुप्फुसापर्यंत पोचायला काही सेकंद तरी लागतात. त्याआधीच श्वास तयार असतो. शिवाय मध्यम श्रमात धमनीतला दाब बदलतच नाही, मग बदल न झालेली गोष्ट बदलाचा हुकूम देईल कशी? हाल्डेनपंथीयांची इथे कायमची गोची झाली. क्रोगचे म्हणणे असे की मेंदू पायांना पळायचा हुकूम देतो तेव्हाच त्याची प्रत श्वासकेंद्राला जाते.

कर्जतच्या शेतकऱ्याला हा फरक कुकडीच्या कालव्यावरून झटकन कळेल. पीक सुकल्याच्या तक्रारी आल्यावर पाणी सोडणे ही एक पद्धत. पेरा किती आहे ते पाहून आवर्तन आधीच ठरवणे ही दुसरी. श्वास दुसऱ्या पद्धतीने चालतो, आणि टेलच्या शेतातली तक्रार फक्त थोडी दुरुस्ती करायला वापरली जाते.

क्रोगच्या बाजूने पुढे भक्कम पुरावे आले. 1981 साली एल्ड्रिज आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूतले चालण्याचे केंद्र उत्तेजित केले. औषधाने स्नायू लुळे केलेले होते, पाय हलत नव्हते, जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होत नव्हता. तरी श्वासकेंद्र चालल्यासारखे वेगात आले. माणसांतला पुरावा याहून बोलका आहे. काही मुले जन्मतःच कार्बन डायऑक्साइडची जाणीव नसलेली असतात. झोपेत त्यांचा श्वास इतका मंदावतो की यंत्र लावावे लागते. 1993 साली अशा मुलांना ट्रेडमिलवर चालवले तेव्हा त्यांचा श्वास बऱ्यापैकी नीट वाढला. म्हणजे वायूची चव न कळणाऱ्यालाही धाप लागते.

पण उलट बाजूचा पुरावाही उभा होता. त्याच 1981 साली टोरांटोत फिलिप्सन यांच्या गटाने जाग्या मेंढ्यांचे रक्त शरीराबाहेर यंत्रातून फिरवून त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून घेतला. जितका काढला तितका श्वास कमी झाला. सगळा काढला तेव्हा मेंढीने श्वास घेणेच थांबवले. ऑक्सिजन मिळत होता, मेंढी जागी होती, पण फेकायला काही उरले नव्हते म्हणून छाती हलली नाही. मला स्वतःला हा प्रयोग या सगळ्या इतिहासातला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो.

तिसरा पक्ष स्नायूंचा. पायांतून बारीक चेतातंतू मज्जारज्जूकडे सतत खबर पाठवतात. 2010 साली मार्कस अमान आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंच्या पाठीच्या कण्यात फेंटानिल टोचून ही वाट बंद केली. मेंदूचा हुकूम शाबूत, रक्त शाबूत, तरी सायकल मारताना श्वास कमी पडला आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला. दिल्लीचे औतार सिंग पेंटल यांनी 1955 मध्ये फुप्फुसातल्या 'जे' संवेदकांचा शोध लावला, तोही याच पक्षाच्या शेजारी बसतो. भारतीय शरीरविज्ञानाचा जगाने मान्य केलेला असा शोध आपल्या विज्ञानाच्या तासाला का सांगितला जात नाही, कळत नाही.

मानेत धमनी दुभंगते तिथे तांदळाच्या दाण्याएवढा कॅरोटिड पिंड असतो. त्याच्या कामाबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेल हेमान्स यांना 1938 चे नोबेल मिळाले. दम्यावर उपाय म्हणून एके काळी काही रुग्णांचे दोन्ही बाजूंचे पिंड काढून टाकले जात. वासरमनच्या गटाने अशा माणसांना सायकलवर बसवले. मध्यम श्रमात त्यांचा श्वास वाढला, पण सावकाश. आणि जड श्रमात आम्लाला उत्तर देणारी ती शेवटची उसळी आलीच नाही. म्हणजे शेवटच्या राउंडचा हुकूम बहुतांशी या दाण्यातून सुटतो. इथेही एक काटा आहेच. मॅकार्डल नावाच्या आजारात स्नायूंना लॅक्टिक आम्ल करताच येत नाही, तरी अशा रुग्णांनाही जड श्रमात उसळी येते. 1982 पासून हा काटा तसाच रुतून आहे.

मग निकाल काय? माझ्या मते 'मालक कोण' हा प्रश्नच चुकीचा विचारला गेला. मेंदूचा आगाऊ हुकूम आणि स्नायूंची खबर मिळून श्वास योग्य पातळीच्या जवळ नेऊन ठेवतात. कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल उरलेली चूक दुरुस्त करतात. एक वाट बंद केली तर दुसऱ्या बऱ्याच अंशी भार उचलतात, म्हणूनच प्रत्येक पक्षाला आपल्या बाजूचा पुरावा सापडत राहतो. हिशोब मात्र शेवटी कार्बन डायऑक्साइडशीच जुळवला जातो. एवढ्या वाटा एकत्र येऊन हिशोब इतका तंतोतंत कसा जुळतो, हे अजून कोणी पटेल असे सांगितलेले नाही.

चार पायांच्या प्राण्यांत आणखी एक गुंता असतो. घोडा चौखूर उधळतो तेव्हा एका उडीला एक श्वास असे गणित बसलेले असते, कारण पुढचे पाय टेकताना छातीवरच दाब येतो. ब्रॅम्बल आणि कॅरिअर यांनी 1983 साली हे मांडले, आणि माणूस दोन पायांवर असल्याने या बेडीतून मोकळा झाला हेही. दोन पावलांना एक, तीनला एक, आपण हवे ते प्रमाण धरू शकतो. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य आहे, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचे, 1980 साली काळविटांसाठी राखलेले. तिथे काळवीट उड्या घेत सुटलेला पाहताना त्याच्या श्वासाची घडण आठवावी.

शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे याने 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 9.91 सेकंदांत पार केली. शाळेला पळत जाणारा हा मुलगा महार रेजिमेंटमधून सियाचीनलाही राहून आला. सियाचीनवर हिशोब बदलतो. तिथे हवाच विरळ, त्यामुळे ऑक्सिजनचा तुटवडा खरा असतो, मानेतला तो दाणा त्यावर श्वास वाढवतो, आणि कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. महाराष्ट्राच्या पठारावर पळणाऱ्याला ही अडचण नाही. जगातल्या अव्वल धावपटूंपैकी काहींचा रक्तातला ऑक्सिजन जोराच्या श्रमात खरोखर घसरतो, कारण त्यांचे हृदय फुप्फुसाला झेपणार नाही इतक्या वेगाने रक्त ढकलते; पण तो अपवाद मेहनतीने कमवावा लागतो. ऑक्सिजनचे डबे विकत घेऊन ग्राउंडला जाणाऱ्याने पैसे पाण्यात घातले असे समजावे.

या विषयात महाराष्ट्राचे स्वतःचे काम आहे आणि ते विसरले गेले आहे. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले, यांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक. तिथे त्यांनी प्राणायाम करणाऱ्यांची उच्छ्वासाची हवा गोळा करून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजले आणि 1933 मध्ये ते प्रसिद्ध केले. प्राणायामाने जास्त ऑक्सिजन मिळतो हा समज त्यांनी स्वतःच्या मोजमापांवरून नाकारला. प्राणायामाचे मोल दुसरीकडे शोधा असे त्यांचे म्हणणे होते. नव्वद वर्षांनंतरही योगवर्गात 'खोल श्वास घ्या, भरपूर ऑक्सिजन घ्या' हेच ऐकू येते. योगाच्या एवढ्या मोठ्या पुरस्कर्त्याने हा समज खोडला होता, हे त्या वर्गात कोणी सांगत नाही.

दवाखान्यात या हिशोबाचा उपयोग रोजचा आहे. तोंडाला मास्क लावून सायकल मारायला लावतात आणि एक लिटर कार्बन डायऑक्साइडला किती लिटर हवा लागते ते पाहतात. निरोगी माणसात वाढीचा हा दर 30 च्या आत राहतो. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णात तो 34 च्या वर गेला तर डॉक्टर गंभीर होतात, कारण हवा वाया जाते आहे. अशी सोय तालुक्याला नसते, पण एक तपासणी सगळीकडे होते: हिमोग्लोबिन. रक्त कमी असले की थोड्या श्रमातच आम्ल साठू लागते आणि धाप लवकर लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आढळल्या. 800 मीटरला दमणाऱ्या मुलीला "स्टॅमिना वाढव" म्हणण्याआधी तिचे रक्त तपासावे.

शेवटची गोष्ट जिवाशी आहे. उन्हाळ्यात गावोगावी पोरे विहिरीत पोहायला पडतात आणि पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो याच्या पैजा लागतात. एखादा हुशार मुलगा बुडी मारण्याआधी दहा-वीस भराभर श्वास घेतो. त्याला वाटते, ऑक्सिजन साठवला. रक्त आधीच ऑक्सिजनने भरलेले असते, त्यात फारशी भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. श्वास घे म्हणून आतून बजावणारी इच्छा त्याच वायूच्या साठण्यावर उठते. ती उठायच्या आधीच ऑक्सिजन संपून शुद्ध हरपते. गुदमरल्याची जाणीव नाही, धडपड नाही, काठावरच्यांना वाटते पोरगा अजून पैज लढवतोय. अल्बर्ट क्रेग यांनी 1961 साली पोहणाऱ्यांच्या अशा घटनांचा शोध घेऊन हेच कारण दाखवून दिले. तेव्हा विहिरीवर निघालेल्या मुलांना एवढे सांगाच: बुडीआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, पाण्याखालच्या पैजा लावायच्या नाहीत, आणि पोहता येणारे मोठे माणूस काठावर असल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही.